सोसायटीच्या ओल्या कचऱ्यातून व्यवसाय उभा करताना : ठाणे व नवी मुंबईतील नवोदितांसाठी

पर्यावरणाशी निगडित छोटा व्यवसाय सुरू करू पाहणारी तरुण मंडळी सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात वस्तू आधी तयार असते. कोणाला खताच्या आकर्षक पिशव्या विकायच्या असतात, कोणाला कापडी पिशव्या, तर कोणाला निर्माल्याच्या अगरबत्त्या. मी त्यांना एकच प्रश्न विचारतो : या कचऱ्यापायी आज नेमके कोणाचे पैसे जातात आणि कोणाची झोप उडते? ज्याची झोप उडते तो पैसे मोजायला तयार असतो, आणि ज्याला केवळ कौतुक वाटते तो टाळ्या वाजवून घरी जातो. उद्योजकाची नजर म्हणतात ती माझ्या मते एवढीच आहे. ही नजर ओल्या कचऱ्यासारख्या रोजच्या प्रश्नावर कशी रोखायची, त्यातून चार घरे चालतील असा व्यवसाय कसा उभा करायचा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

प्रश्न ओला कचराच का, हेही सांगायला हवे. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग ओल्या कचऱ्याचा असतो. हा कचरा ढिगाऱ्यात दबून हवेशिवाय कुजला की त्यातून मिथेन वायू सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट धरली जाते. ठाण्यापुरते बोलायचे, तर दिवा येथील कचराभूमी 2023 मध्ये बंद झाली, पर्यायी जागा म्हणून भंडार्ली आणि डायघर ही नावे चर्चेत आली, आणि आपला कचरा दुसऱ्याच्या दाराशी नेण्याला मर्यादा असते हे शहराला नीट कळले. नवी मुंबईला तुर्भ्याच्या कचराभूमीची व्यवस्था आहे आणि स्वच्छ सर्वेक्षणात ते शहर वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांत राहिले आहे. परंतु तेथेही घंटागाडी जेवढे वजन वाहते तेवढे डिझेल जळतेच. ओल्या कचऱ्यात पाण्याचा अंश इतका मोठा असतो की तो गाडीतून लांब नेणे म्हणजे बव्हंशी पाण्याची वाहतूक करणे होय. जागच्या जागी कुजवणे स्वस्त पडते ते याच कारणाने.

पहिली पायरी : वजन करा, अंदाज नको

व्यवसायाचा आराखडा, बोधचिन्ह, समाजमाध्यमांवरचे पान या सर्व गोष्टी बाजूला ठेवाव्यात आणि भंगारवाले वापरतात तसला एक ताणकाटा विकत घ्यावा. स्वतःच्या किंवा ओळखीच्या सोसायटीत सेक्रेटरींची परवानगी घेऊन सलग सात दिवस ओला कचरा मोजावा. सात दिवसांत रविवार आलाच पाहिजे, कारण रविवारी मासळी-मटणाचा कचरा वाढतो आणि कोलंबीच्या सालांचा वास सोमवारी दुपारपर्यंत कोणालाही शांत बसू देत नाही. शक्य असल्यास वर्षभरातील चढउतारही वहीत टिपत जावेत. मे महिन्यात आंब्याच्या कोयी आणि साली यांनी वजन वाढते, श्रावणात मांसाहारी कचरा घटून फुले आणि केळीची पाने येतात, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचे ढीग येतात. कोयी आणि नारळाच्या करवंट्या लवकर कुजत नाहीत. त्या वेगळ्या काढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

वजनाबरोबर आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे वर्गीकरण किती घरे करतात. डब्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गाठ मारलेली दुसरी पिशवी आणि तिच्यात भाजीची देठे, हे दृश्य तुम्हाला दिसेलच. वर्गीकरण निम्म्याहून कमी घरांत होत असेल, तर तुमचा पहिला महिना खत करण्यात नव्हे, दारोदार जाऊन बोलण्यात जाणार आहे, आणि त्या महिन्याचेही पैसे हिशोबात धरले पाहिजेत. नवखा माणूस नेमका हाच महिना फुकट धरतो.

दुसरी पायरी : ग्राहक कोण, हे ठरवणे

येथे बहुतेकांची गल्लत होते. खत हे तुमचे उत्पादन नाही. सोसायटीच्या कमिटीला खत नको असते. तिला हवी असते वासापासून, चिलटांपासून आणि महापालिकेच्या नोटिशीपासून सुटका. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवले आणि त्यांच्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. हा 100 किलोचा आकडा ओला-सुका मिळून सर्व कचऱ्याचा आहे, त्यामुळे बऱ्याच मध्यम आकाराच्या सोसायट्याही त्याच्या उंबरठ्यावर येतात. नियमांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून प्रभाग कार्यालयातून चालू अटींची प्रत घ्यावी, मालमत्ता करात काही सवलत मिळते का हेही तेथेच विचारावे, आणि मगच कमिटीसमोर बसावे. अनेक सोसायट्यांत बिल्डरने बसवून दिलेले खतयंत्र धूळ खात पडलेले असते. यंत्र असते, पण ते रोज चालवणारा माणूस नसतो. तुम्ही विकत असता तो हा माणूस आणि त्याचा रोजचा नेम.

ही गोष्ट एकदा नीट समजली की दरही आपोआप वेगळा निघतो. एक हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमचे आकडे तुमच्या वहीतून यावेत. समजा, 120 घरांची सोसायटी आहे आणि घरटी अर्धा किलो, म्हणजे रोज 60 किलो ओला कचरा निघतो. महिन्याला तो 1,800 किलो होतो. कुजताना पाणी आणि कर्बवायू उडून जातो आणि मूळ वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के खत हाती लागते, म्हणजे 270 ते 360 किलो. किलोला 10 रुपये मिळाले आणि कण न् कण विकला गेला, तरी जमा 2,700 ते 3,600 रुपये. आता खर्च पाहा. एक कामगार दिवसाला दोन-दोन तास देऊन चार सोसायट्या सांभाळतो आणि त्याचे वेतन 18,000 रुपये धरले, तर एका सोसायटीच्या वाट्याला 4,500 येतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), भुसा आणि विरजण (कुजवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण) यांसाठी 1,500, ये-जा, हातमोजे आणि दुरुस्तीसाठी 800 धरा. एकूण 6,800 रुपये. केवळ खताच्या विक्रीवर विसंबणारा व्यवसाय दर महिन्याला निम्मे पैसे खिशातून घालणार, हे या कागदावरच दिसते.

सेवाशुल्क घरटी 60 रुपये ठेवले तर जमा 7,200, आणि शिल्लक अवघी 400. चार सोसायट्यांचे मिळून 1,600. तेच शुल्क 100 रुपये ठेवले तर जमा 12,000, शिल्लक 5,200, आणि चार सोसायट्यांची शिल्लक 20,800 रुपये. चाळीस रुपयांच्या फरकाने एक धडपड उपजीविकेत बदलते. त्यामुळे पहिल्याच बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, ‘अहो, समाजसेवा आहे ही, जरा कमी करा,’ तरी शांतपणे वही उघडून खर्चाची बाजू दाखवावी आणि दर मात्र सोडू नये. कामगाराच्या वेतनात कपात करून दर उतरवण्याचा मोह तर अजिबात नको. किमान वेतनाचा कायदा आहे म्हणूनच नव्हे, तर ज्याच्या नाकावर सारा व्यवसाय उभा आहे तो माणूस टिकला पाहिजे म्हणूनही.

तिसरी पायरी : बुडाले तरी चालेल एवढेच पैसे

उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या निर्णयपद्धतीचा अभ्यास करून एक साधी गोष्ट पुढे आणली : असे उद्योजक किती नफा होईल या अंदाजापासून सुरुवात करत नाहीत, हाताशी काय आहे आणि किती नुकसान झेपेल, हे आधी ठरवतात. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतात, तेच हे. म्हणून पहिले तीन महिने एकच सोसायटी घ्यावी. पोडियमच्या मागे किंवा पंप रूमशेजारी दोन मोटारी उभ्या राहतील एवढी हवेशीर, वर छप्पर असलेली जागा मागावी. जाळीदार क्रेट किंवा विटांचे फटी ठेवून रचलेले हौद पुरेसे होतात. लाखो रुपयांचे स्वयंचलित यंत्र विकणारे प्रतिनिधी याच सुमारास तुम्हाला गाठतील. काही यंत्रे चोवीस तासांत खत देण्याचा दावा करतात; त्यांतून निघते ते बहुधा वाळवून बारीक केलेले अन्न, आणि ते पाणी लागताच पुन्हा कुजू लागते. पक्व खताला आठवडे लागतात.

एखाद्या उपाहारगृहाचा किंवा कँटीनचा रोजचा कचरा मोठा असेल, तर बायोगॅसचा मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले निसर्गऋण तंत्र त्याच कामाचे आहे. पण त्याचा खर्च आणि देखभाल पाहता पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी : ढीग वाचायला शिकणे

या पायरीवर मी मुद्दाम जास्त थांबणार आहे, कारण व्यवसाय बुडतो तो बहुधा येथेच. कुजण्याची क्रिया जिवाणू करतात आणि त्यांना चार गोष्टी लागतात : कर्ब (कार्बन), नत्र (नायट्रोजन), ओलावा आणि हवा. भाजीपाला आणि शिळे अन्न यांत नत्र जास्त असते. सुकी पाने, लाकडाचा भुसा, कोकोपीट यांत कर्ब जास्त. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण 25 ते 30 ला 1 असावे, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात रोज प्रयोगशाळा कोठून आणणार? एक बादली ओल्या कचऱ्याला एक बादली सुका पाला, हे प्रमाण धरून सुरुवात करावी आणि पुढचे ढिगाकडून शिकावे.

ओलाव्यासाठी मुठीची परीक्षा आहे. मिश्रण मुठीत घट्ट आवळावे. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब डोकावले, तर ओलावा 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे योग्य आहे. धार लागली तर पाला वाढवावा. मूठ उघडताच भुगा विखुरला तर पाणी शिंपडावे. उष्णतेसाठी लोखंडी सळई ढिगाच्या पोटात पाच मिनिटे खोचून ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल, तर आत 55 ते 65 अंश सेल्सिअसची ऊब आहे आणि रोगजंतू व तणांची बीजे मरत आहेत असे समजावे. सळई थंडच निघाली, तर ढीग लहान आहे, कोरडा आहे किंवा त्याला हवा मिळत नाही.

वासाचेही व्याकरण असते. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाले, पाला घालावा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडते आहे. ढीग खालीवर करावा. मासळीचा कचरा वर कधीच उघडा टाकू नये; ढिगाच्या मधोमध खळगा करून त्यात घालावा आणि वर वीतभर पाला पसरावा, म्हणजे मांजरेही फिरकत नाहीत आणि तक्रारीही येत नाहीत. असा ढीग नीट हलवला, तर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत माल काळपट होतो, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा गंध येतो, आणि नंतर दोन आठवडे तो तसाच मुरू दिला की चाळण्यास तयार होतो.

माझी स्वतःची मोठी चूक या पाल्यानेच घडवली. घोडबंदर मार्गावरील एका सोसायटीत मी मार्च महिन्यात काम सुरू केले. वर्षावृक्ष आणि देशी बदामाची पाने रस्तोरस्ती पडलेली होती, रोज सकाळी सफाई कामगार ती गोण्या भरून देत असत, आणि पाला ही विकत घेण्याची वस्तू आहे असे माझ्या मनातही आले नाही. जून उजाडला, पाऊस सुरू झाला आणि सुके पान डोळ्यांनी दिसेनासे झाले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हौदातून तपकिरी पाणी झिरपून पार्किंगमध्ये आले आणि त्यामागोमाग अळ्या. अळ्यांनी खताचे काही बिघडत नाही. उलट त्या कचरा झपाट्याने फस्त करतात. पण हे शास्त्र, गाडीच्या दारापाशी अळ्या वळवळताना पाहणाऱ्या तळमजल्यावरच्या काकूंना सांगण्याची ती वेळ नव्हती. त्या महिन्यात महाग कोकोपीट घेऊन मी ढीग सावरला आणि तीन महिन्यांची शिल्लक त्यात गेली. तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडू लागली की पावसाळ्याच्या चार महिन्यांचा पाला गोण्यांत भरून छपराखाली रचतो आणि त्या गोण्यांना व्यवसायाची मुदत ठेव मानतो. नवी मुंबईतील सेक्टरांमधल्या उद्यानांतही हा पाला मुबलक पडतो. उद्यान विभागाला रीतसर पत्र दिले, तर तो जाळला न जाता तुमच्याकडे येऊ शकतो.

पाचवी पायरी : आधीपासून काम करणाऱ्यांशी जुळवून घेणे

प्रत्येक सोसायटीत कचरा उचलणारी एखादी ताई किंवा दादा आधीपासून असतातच आणि सुक्या कचऱ्यातील पुठ्ठा, बाटल्या विकून त्यांची वरकमाई होत असते. नवा उद्योजक व्यवस्था सुधारण्याच्या उत्साहात सुका कचराही ताब्यात घेतो, आणि एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा तुटतो. पर्यावरणाचा प्रश्न सोडवताना आर्थिक प्रश्न वाढवण्याचा हा हमखास मार्ग आहे. त्याऐवजी सुका कचरा त्यांचाच राहील हे लेखी द्यावे आणि ओल्या कचऱ्याच्या कामासाठी पहिली विचारणा त्यांनाच करावी. कोणत्या मजल्यावरचे कोणते घर काय टाकते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कचरावेचक महिलांना प्रशिक्षण देऊन खत आणि बायोगॅसच्या कामात आणण्याचा प्रयोग स्त्रीमुक्ती संघटनेने परिसर विकास या उपक्रमातून पूर्वीच करून दाखवला आहे. अशा संस्थांच्या जाणत्या कार्यकर्त्यांबरोबर एक दिवस काढला, तर महिनाभराचे शिक्षण होते.

सहावी पायरी : कागदपत्रे आणि भांडवल

हा भाग कंटाळवाणा आहे, पण थोडक्यात आटोपतो. एकट्याने सुरुवात करत असाल तर एकल मालकी पुरेशी आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर पूर्णपणे विनामूल्य होते. तिच्यासाठी शुल्क मागणारी संकेतस्थळे टाळावीत. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार केवळ सूचना दाखल करावी लागते. कर्ज घ्यायचेच झाले, तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत सोय आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातील सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती आदी विशेष गटांना 25 टक्के अनुदान मिळते, आणि त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. मात्र अनुदान मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प मांडणे, हे उलट्या बाजूने कपडे घालण्यासारखे आहे.

खताविषयी एक सावधगिरी बाळगावी. सोसायटीच्या बागेला आणि रहिवाशांच्या कुंड्यांना खत परत देण्यात अडचण नसते. तेच खत नाव छापून, पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे लिहून बाजारात आणायचे झाले, तर खत (नियंत्रण) आदेश, 1985 मधील मानके आणि परवानगी यांचा विचार करावा लागतो. शहरी कंपोस्टसाठी त्यात ओलावा 15 ते 25 टक्के, सामू (पीएच) 6.5 ते 7.5 आणि कर्ब-नत्र प्रमाण 20 पेक्षा कमी, अशा अटी आहेत, आणि त्या मुठीच्या परीक्षेने नव्हे, प्रयोगशाळेच्या अहवालानेच सिद्ध होतात. पहिल्या वर्षी मी तरी या फंदात पडू नये असे सुचवीन. त्यापेक्षा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेशद्वाराशी टेबल मांडून प्रत्येक घराला चाळलेले एक किलो खत द्यावे. आपल्याच घरातली भेंडीची देठे या रूपात परत आलेली पाहिल्यावर वर्गीकरणात जी सुधारणा होते, ती दहा सूचनाफलकांनी होत नाही.

सातवी पायरी : करारनामा

कमिटीशी तोंडी बोलणे झाले तरी काम सुरू करण्याआधी दोन पानांचा करार करावा आणि तो शक्यतो सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मंजूर करून घ्यावा, कारण कमिटी बदलली की मागच्या कमिटीची प्रत्येक गोष्ट संशयास्पद ठरते. करारात महिन्याचे शुल्क आणि ते देण्याची तारीख, पाणी-वीज कोणाची, वर्गीकरण न केलेला डबा परत पाठवण्याचा तुमचा अधिकार, आणि सण-सुट्ट्यांची व्यवस्था या चार बाबी स्पष्ट असाव्यात. दिवाळीचे पाच दिवस कामगार गावी जातो आणि नेमका तेव्हाच कचरा सर्वाधिक असतो. बदली माणूस कोण, हे कराराच्या आधीच ठरलेले असावे. पावती मात्र पहिल्या महिन्यापासून छापील द्यावी. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नसते, तरीही हिशोबाची वही पहिल्या रुपयापासून ठेवावी, कारण बँक आणि पुढची सोसायटी दोघेही तीच मागतात.

दुसरी सोसायटी केव्हा घ्यावी, हा प्रश्न साधारण चौथ्या महिन्यात पडतो. माझा नियम असा आहे की पहिल्या सोसायटीत सलग तीस दिवस मी स्वतः ढिगाला हात न लावता काम चालले, एकही तक्रार वहीत नोंदली गेली नाही आणि एक तरी महिना पावसाळ्यातला होता, तरच नवे पत्रक छापावे. दुसरी सोसायटी पहिलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी. ठाण्यातल्या मानपाड्याची सोसायटी हाती असताना ओळखीतून नवी मुंबईतल्या ऐरोलीचे काम आले, तर मोह होतोच. पण सकाळी दोन्हींकडे डबे एकाच वेळी भरतात, कामगार एकच असतो आणि मधल्या वाहतूक कोंडीत जो तास जातो त्याचे पैसे कोणतीच कमिटी देत नाही.